भूमीच्या चालीचे गणित

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी ताशी किती किलोमीटर वेगाने धावते, हे शाळकरी मुलगाही घड्याळ आणि रुळांलगतचे किलोमीटरचे दगड पाहून सांगू शकेल. परंतु ज्या भूमीवर हे रूळ टाकलेले आहेत, ती भूमी स्वतः किती वेगाने जाते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, किंबहुना सारे भारतीय द्वीपकल्प ईशान्येच्या दिशेने सरकत आहे. मुंबईपाशी ही चाल वर्षाला सुमारे ५.२ सेंटिमीटर भरते. हाताच्या बोटांची नखे महिन्याला साधारणतः साडेतीन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला चार सेंटिमीटरांच्या किंचित वर वाढतात. नखांच्या वाढीपेक्षा थोडी जलद, एवढीच भूमीची चाल.

ही उपमा सोयीची आहे, पण तिच्यात एक धोका आहे. नखांचा वेग म्हटला की तो नगण्य वाटतो आणि नगण्य म्हणजे जवळजवळ शून्य, अशी मनाची समजूत होऊन बसते. वास्तविक याच चालीने हिंदी महासागर उघडला, हिमालय उभा केला आणि आजही हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या घरांखाली ती ताण साठवीत आहे. एकच आकडा एकीकडे क्षुद्र आणि दुसरीकडे प्रचंड कसा ठरतो, हे कळण्यासाठी अतिमंद वेगांचे ग्रहाच्या मापाच्या एककांत रूपांतर कसे करावयाचे, हे पाहिले पाहिजे.

एककाची निवड

वर्षात ८,७६६ तास असतात. ५.२ सेंटिमीटरांना या संख्येने भागून किलोमीटरमध्ये मांडले तर मुंबईची चाल ताशी ०.००००००००५९ किलोमीटर येते. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याची शिस्त पाळणारा विद्यार्थी येथे ०.०० लिहील. नियमाने ते बरोबर आणि अर्थाने साफ चुकीचे. वर्षाचे सेकंद करावेत तर ते ३ कोटी १५ लक्ष ५७ हजार ६०० होतात. त्या हिशेबाने दर सेकंदाची चाल १.६५ नॅनोमीटर, म्हणजे शेजारी शेजारी मांडलेल्या मोजक्या अणूंच्या रुंदीइतकी निघते. दिवसाची चाल ०.१४ मिलिमीटर, साध्या कागदाच्या जाडीपेक्षा थोडी अधिक.

याउलट पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे २९.८ किलोमीटर वेगाने फिरते. वर्षभरात ती सुमारे ९४ कोटी किलोमीटर मार्ग आक्रमिते आणि तेवढ्याच काळात भारत तिच्या पाठीवर ५.२ सेंटिमीटर सरकतो. या दोन वेगांचे गुणोत्तर सुमारे १८ लाख कोटी येते. आकडा खरा आहे, परंतु त्यावरून काही उमगत नाही. मोठ्या एककात लहान वेग बसविला की तो अदृश्य होतो, एवढेच त्यातून दिसते.

मग योग्य पट्टी कोणती? भूविज्ञानाने लांबीचे नव्हे, तर काळाचे एकक बदलले. एका किलोमीटरमध्ये दहा लक्ष मिलिमीटर असतात आणि दशलक्ष वर्षांत दहा लक्ष वर्षे. म्हणून वर्षाला जितके मिलिमीटर, तितकेच दशलक्ष वर्षांना किलोमीटर. यात ना गुणाकार, ना भागाकार. आकडा तोच राहतो, केवळ एककांची नावे बदलतात. वर्षाला ५२ मिलिमीटर म्हणजे दशलक्ष वर्षांना ५२ किलोमीटर. आकडे सेंटिमीटरमध्ये दिलेले असले तर मात्र आधी दहाने गुणावे लागते, आणि चूक हमखास येथेच होते.

या पट्टीचा एक उपयोग असा, की ती अविचारी विधाने तत्काळ उघडी पाडते. हिमालय वर्षाला अवघा एक मिलिमीटर उंचावतो असे धरले, तरी पाच कोटी वर्षांत तो ५० किलोमीटर उंच व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात एव्हरेस्टची उंची २०२० साली जाहीर झालेल्या मापाप्रमाणे ८,८४८.८६ मीटर आहे. याचा अर्थ, उचल होत असताना नद्या, हिमनद्या आणि दरडी पर्वत झिजवीत आल्या आहेत आणि पर्वताचा भार त्यालाच खाली दाबीत आला आहे. एका ओळीच्या हिशेबाने एवढे सांगितले.

वेगेनरची चूक

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली खंडविप्लवाची, म्हणजे खंडे सरकत असल्याची कल्पना मांडली. तिच्या पुराव्यादाखल त्याने ग्रीनलंडची निरनिराळ्या काळी घेतलेली रेखांशमापने एकमेकांशी ताडून पाहिली आणि ग्रीनलंड युरोपपासून वर्षाला दहा मीटरांहूनही अधिक दूर जात आहे, असा निष्कर्ष काढला. आज ही चाल वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर असल्याचे माहीत आहे. चूक शेकडो पटींची होती.

ती कशी झाली असावी हे समजणे कठीण नाही. त्या काळी रेखांश वेळेवरून काढीत. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुमारे ७४.५ अंश उत्तर अक्षांशावर, घड्याळातील एका सेकंदाची चूक जमिनीवर सव्वाशे मीटरांची होते. चंद्राच्या निरीक्षणावरून वेळ ठरविण्याच्या जुन्या पद्धतीत काही सेकंदांची चूक सहज राहून जाई, म्हणजेच अंतरात किलोमीटरभराचा फरक पडे. हा फरक खंडाच्या खात्यावर लिहिला गेला. वेगेनरची चाल नव्या पट्टीवर ठेवली तर तिचा अवास्तवपणा लगेच ध्यानात येतो. वर्षाला दहा मीटर म्हणजे दशलक्ष वर्षांना दहा हजार किलोमीटर. त्या वेगाने पाच हजार किलोमीटर रुंदीचा समुद्र पाच लक्ष वर्षांत उघडेल आणि चाळीस लक्ष वर्षांत भूखंड पृथ्वीला संपूर्ण प्रदक्षिणा घालून परत येईल! कल्पना खरी, आकडा खोटा, असे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे. वेगेनरच्या टीकाकारांना मात्र आकडा पाडून कल्पनाही पाडण्याची संधी मिळाली. १९३० साली ग्रीनलंडच्याच मोहिमेत त्याचा अंत झाला, तोवर त्याच्या मताला फारशी मान्यता मिळालेली नव्हती.

खरा वेग सापडला तो समुद्राच्या तळाशी, आणि त्यात अरबी समुद्राचा वाटा आहे. अरबी समुद्राच्या तळावर कार्ल्सबर्ग कटक नावाची पाण्याखालची पर्वतरांग आहे. तिच्या मध्यभागी नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकत जातो आणि थंड होताना त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात गोठून राहते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटत असल्यामुळे कटकाच्या दोन्ही अंगांस उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात. फ्रेडरिक वाइन व ड्रमंड मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ साली या पट्ट्यांचा उलगडा केला, तो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात याच कटकावर केलेल्या सर्वेक्षणाच्या आधारे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, तीही याच मोहिमेची फलश्रुती होय.

पट्ट्यांवरून वेग काढणे सोपे आहे. शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वी झाली. त्या पट्ट्याची सीमा कटकाच्या अक्षापासून दहा किलोमीटर अंतरावर आढळली असे समजू. ०.७८ दशलक्ष वर्षांत दहा किलोमीटर, म्हणून दशलक्ष वर्षांना १२.८ किलोमीटर, अर्थात वर्षाला १२.८ मिलिमीटर. ही एका बाजूची चाल झाली. दोन्ही किनारे एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग याच्या दुप्पट.

सह्याद्रीच्या खडकातील साक्ष

महाराष्ट्राचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी बनला. या लाव्ह्याचा उगम पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्तबिंदूशी जोडला जातो, तो आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली, सुमारे २१ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. सह्याद्रीचा लाव्ह्याचा मुख्य प्रदेश आज १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. म्हणजे अंतर ४० अंशांचे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्याने हे अंतर ४,४४० किलोमीटर होते. त्याला ६६ दशलक्ष वर्षांनी भागिले असता दशलक्ष वर्षांना सुमारे ६७ किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६.७ सेंटिमीटर, हा सरासरी वेग मिळतो. लक्षद्वीप व मालदीवच्या बेटांखालची समुद्रातील रांग हा या प्रवासाचा माग समजला जातो.

या हिशेबात दोन गृहीते लपलेली आहेत आणि ती उघड केली पाहिजेत. तप्तबिंदू जागचा हलला नाही, असे आपण धरले. वास्तविक तोही थोडाफार हलला आहे. दुसरे, सरासरी म्हणजे प्रत्येक क्षणाचा वेग नव्हे. आरंभी भारताची चाल वर्षाला १५ सेंटिमीटर व त्याहूनही अधिक होती. आशियाशी टक्कर झाल्यावर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, ती झपाट्याने मंदावली. प्रवासाचा पहिला टप्पा धावत आणि उरलेला अडखळत, असे या प्रवासाचे स्वरूप आहे.

आजचा वेग मागच्या काळावर लादणे किती फसवे आहे, याचे उदाहरण चंद्र देतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर, व नंतर ठेवलेल्या इतर परावर्तकांवर, लेसर किरण टाकून केलेल्या मापनांनुसार चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. चंद्राच्या ३,८४,४०० किलोमीटर अंतराला दशलक्ष वर्षांना ३८ किलोमीटर या चालीने भागिले, तर सुमारे एक हजार कोटी वर्षे येतात. चंद्राचे वय मात्र साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास. चाल एकसारखी नव्हती, एवढेच यातून निष्पन्न होते.

गोलावरचा वेग

भूपट्ट सपाट मेजावरच्या पाटीसारखे सरकत नाहीत. ते गोलाच्या पृष्ठावर वळतात. गोलावरचे कोणतेही स्थलांतर एका अक्षाभोवतीच्या फिरण्याने दाखविता येते, हे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच सिद्ध केले होते. म्हणून भूपट्टाच्या गतीचे खरे ग्रहयोग्य एकक दशलक्ष वर्षांना किती अंश, हे होय. हा अक्ष भूपृष्ठास जेथे छेदतो त्या बिंदूस भूपट्टाचा ध्रुव म्हणतात. ध्रुवापाशी चाल शून्य असते, नव्वद अंश अंतरावर सर्वांत अधिक असते आणि मधल्या ठिकाणी ती ध्रुवापासूनच्या कोनीय अंतराच्या ज्येच्या, म्हणजे साइनच्या, प्रमाणात बदलते.

पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेल्या आंतरराष्ट्रीय संदर्भ-चौकटीत भारतीय भूपट्ट दशलक्ष वर्षांना सुमारे ०.५२ अंश फिरतो. त्याचा ध्रुव, काही अंशांची अनिश्चितता धरून, चक्क लंडनच्या परिसरात येतो. या योगायोगाचा इतिहासाशी अर्थातच काही संबंध नाही. पण हिशेब लक्षात ठेवावयास तो उपयोगी पडतो. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ०.५२ अंश म्हणजे ५७.८ किलोमीटर. लंडन ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, अर्थात ६५ अंश. ६५ अंशांची ज्या ०.९०६. गुणाकार केला की दशलक्ष वर्षांना सुमारे ५२ किलोमीटर येतात. आरंभी दिलेला ५.२ सेंटिमीटरचा आकडा तो हाच.

हे गणित कागदावरचे राहू नये म्हणून ते ताडून पाहता येते. बंगळूर लंडनपासून ७२ अंशांवर आहे. तेथे हेच सूत्र वर्षाला ५.५ सेंटिमीटर चाल सांगते. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील कायमस्वरूपी उपग्रह-मापन केंद्र वर्षाला सुमारे साडेतीन सेंटिमीटर उत्तरेकडे आणि सव्वाचार सेंटिमीटर पूर्वेकडे सरकत असल्याचे आढळले आहे. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने त्यांची एकत्रित चाल साडेपाच सेंटिमीटर होते.

‘कोणाच्या सापेक्ष?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावा लागतो. ५.२ सेंटिमीटर ही पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेल्या चौकटीतली चाल. आशियाही स्थिर नसल्यामुळे आशियाच्या स्थिर भागाच्या सापेक्ष भारताची चाल वर्षाला साडेतीन ते चार सेंटिमीटर पडते. त्यापैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात जिरतात आणि उरलेले तिबेट व त्याच्या पलीकडच्या मुलखात वाटले जातात. वर्तमानपत्रांतून हे तीन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात आणि वाचकाला शास्त्रज्ञांत मतभेद आहेत असे वाटते. मतभेद नाहीत, प्रश्नच तीन आहेत.

ही चाल व्यवहारातही उतरते. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. १९९४ च्या स्थितीवर बांधलेले त्या देशाचे अक्षांश-रेखांश २०२० च्या स्थितीवर नव्याने बसवावे लागले, तेव्हा फरक सुमारे १.८ मीटर भरला. सव्वीस वर्षे गुणिले सात सेंटिमीटर, इतका साधा हा हिशेब. कागदी नकाशावर तो कोणाला जाणवला नसता. उपग्रहाच्या साहाय्याने शेतात चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राला मात्र दोन मीटर म्हणजे पिकाच्या एकाहून अधिक ओळी.

साचलेले मीटर

हिमालयात जिरणाऱ्या दोन सेंटिमीटरांकडे आता वळावयाचे. ‘जिरतात’ हा शब्द येथे पूर्णांशाने खरा नाही. हिमालयाखालचा प्रमुख विभंग वरच्या भागात जखडलेला आहे. खालून भारतीय भूपट्ट रेटत राहतो, पण जखडलेल्या भागात सरकणे होत नाही. खडक वाकतो आणि ताण साठतो. पन्नास वर्षांत एक मीटर, शंभर वर्षांत दोन मीटर, पाचशे वर्षांत दहा मीटर असे हे साचणे चालते. येथे दशलक्ष वर्षांची पट्टी उपयोगाची नाही. माणसाच्या दोनचार पिढ्यांची पट्टी घ्यावी लागते आणि तोच वेग एकदम भयावह दिसू लागतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी काठमांडूची भूमी दीड ते दोन मीटर दक्षिणेकडे सरकली आणि हे सरकणे मुख्यतः सहा सेकंदांच्या सुमारास आटोपले. शतकभराचा साठा सहा सेकंदांत मोकळा झाला. वर्षाला दोन सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ०.६३ नॅनोमीटर, भूकंपातील चाल सेकंदाला मीटरच्या तृतीयांशाजवळ. वेग सुमारे पन्नास कोटी पटींनी वाढला. अंतर मात्र तेवढेच होते.

१९०५ चा कांगडा भूकंप आणि १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप यांच्या क्षेत्रांदरम्यान गढवाल, कुमाऊँ आणि पश्चिम नेपाळ हा पट्टा येतो. तेथे गेल्या शतकाहून अधिक काळात आठ महत्तेचा भूकंप झालेला नाही. १९९१ साली उत्तरकाशीला आणि १९९९ साली चमोलीला भूकंप झाले, घरे पडली, माणसे गेली. पण साठ्याच्या मानाने ते लहान होते. महत्ता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने आठ महत्तेचा भूकंप उत्तरकाशीच्या ६.८ महत्तेच्या भूकंपापेक्षा साठ पटींहून अधिक ऊर्जेचा ठरतो. किती साचले आहे, हे गणित सांगते. केव्हा सुटेल, ते सांगत नाही. तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, आणि तारीख सांगता येत नाही म्हणून साठाच नाही, असेही मानू नये.

महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. द्वीपकल्प हिमालयाप्रमाणे दोन भूपट्टांच्या सीमेवर नाही आणि त्याच्या अंतर्भागातील विकृतीचा वेग अत्यल्प आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध जलाशयाशी जोडला जातो, म्हणून तो बाजूस ठेवू. उदाहरणादाखल एखाद्या विभंगावर वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग एवढेच सरकणे अडकून राहते असे समजा. कोणत्याही सामान्य तक्त्यात ही चाल शून्य म्हणूनच लिहिली जाईल. परंतु दहा हजार वर्षांत तिचा एक मीटर होतो. दहा हजार वर्षांमागे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. साहजिकच अशा ठिकाणी पूर्वीच्या भूकंपाची नोंद सापडत नाही, आणि नोंद नाही म्हणून भय नाही, असे गृहीत धरले जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी येथे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंतींची घरे झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारोंचा बळी गेला. तोवर हा परिसर देशाच्या भूकंपविषयक नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात दाखविलेला होता. २००२ सालच्या सुधारित नकाशात हा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात समाविष्ट झाला.